गालाचं हाड ‘बसलं’ म्हणण्याआधी

पेडण्याचा पंचविशीतला मुलगा, हेल्मेट स्कूटरच्या आरशाला लटकवलेलं. उजव्या गालाचं हाड आत खचलं होतं. डोळ्याच्या कडेला आणि तोंडातून, अशा दोन प्लेटा मारून झाल्यावर सरांनी मला कडेवरून बोट फिरवायला सांगितलं. सलग लागत होतं.

“बसलं, सर.”

“थांब गं. फिरवून बघू.”

शिवण्याआधीच सी-आर्म, म्हणजे सीटीसारखे छेद दाखवणारं ओटीतलं एक्स-रे मशीन, डोक्याभोवती फिरवला, आम्ही शिशाच्या आडोशाला. पडद्यावर छेद उमटले आणि माझं तोंड उतरलं. गालाचं हाड स्फेनॉइडला, म्हणजे डोळ्यामागच्या कवटीच्या हाडाला, मिळतं तिथे, डोळ्याच्या खोबणीच्या बाहेरच्या भिंतीत, स्पष्ट पायरी होती. हाड वर आलं होतं, पण किंचित फिरलेलं. सुजेवरून बोटाला ते कळणारच नव्हतं. स्क्रू काढले, हाड वळवलं, पुन्हा प्लेट. हेच दुसऱ्या दिवशीच्या सीटीत दिसलं असतं, तर पोराला परत भूल.

गोव्यात डेंटल कॉलेज एकच, बांबोळीचं. ‘नीट-एमडीएस’ परीक्षा देऊन मॅक्सिलोफेशियलच्या (जबडा-चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेच्या) ३ वर्षांच्या एमडीएसला, म्हणजे दंतवैद्यकातल्या पदव्युत्तर पदवीला, इथे किंवा बाहेर, जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: मशीन सगळीकडे नसतं, आणि असलं तरी कुठे बघायचं ते तुम्हालाच ठाऊक हवं. गालाच्या हाडाला मी आता आधी तो स्फेनॉइडचा सांधा बघते. खोबणीचा तळ फुटला असेल तर कोरोनल, म्हणजे समोरून दिसणारा उभा छेद. तळाला आधार म्हणून बसवलेली जाळी मागच्या शाबूत हाडावर टेकली आहे की सायनसमध्ये घसरली, ते तिथे आणि सॅजिटल, म्हणजे बाजूने दिसणाऱ्या, छेदात कळतं.

माझी एक फजिती सांगते. कानाजवळ कापडाला लावलेला टॉवेल क्लिप काढायचा राहिला. चित्रभर पांढऱ्या रेघा! पुन्हा स्कॅन, म्हणजे पेशंटला पुन्हा रेडिएशन. तेव्हापासून फिरवण्याआधी डोक्याभोवतीचं सगळं धातूचं मी हाताने चाचपते, ईसीजीच्या वायरीसुद्धा.

खालच्या जबड्याला मात्र आधी दात. तारांनी चावा जुळवल्याशिवाय प्लेट नाही, स्कॅन कितीही देखणा येवो.

त्या मुलाची आई ओटीबाहेर उभी होती. “डोळो बरो जातलो न्हय गो, बाय?” हो म्हणाले. स्कॅन बघितला नसता तरी मी हेच म्हणाले असते, आणि तितक्याच खात्रीने.