मुंबई ते लंडन : आधी घड्याळ जुळवा, मग बॅग भरा

मुंबई ते लंडन हवाई अंतर साधारण ७,२०० किलोमीटर. ताशी ९०० किलोमीटरने उडणाऱ्या विमानाला आठ तास पुरायला हवेत, पण थेट विमानाच्या तिकिटावर साडेनऊ-दहा तास दिसतात. पश्चिमेला जाताना उंचावरचे वारे समोरून येतात, एखाद्या देशाची हवाई हद्द बंद असली की वळसा पडतो (एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांची वाट अडवली, ती अशीच), आणि हीथ्रोवर उतरायचा नंबर लागेपर्यंत कधीकधी घिरट्या घालाव्या लागतात. परतीला तेच वारे पाठीशी असतात, त्यामुळे वेळ कमी लागतो.

तिकिटावरच्या दोन्ही वेळा स्थानिक असतात, हे घरातल्या थोरांना कागदावर लिहूनच द्यावं. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत लंडन आपल्यामागे साडेचार तास, एरवी साडेपाच. म्हणजे दुपारी एकला निघालेलं दहा तासांचं विमान उन्हाळ्यात तिथल्या साडेसहाला उतरतं, हिवाळ्यात साडेपाचला.

पुण्याहून निघणाऱ्यांची खरी परीक्षा विमानात नसते, घाटात असते. सहारचा विमानतळ दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. साडेतीन-चार तास धरा आणि वर एक तास राखीव ठेवा. विमानतळावर तीन तास आधी पोचायचं, म्हणजे एकच्या विमानासाठी पहाटे पाचला घर सोडायचं. हीथ्रोवर भारतीय पासपोर्टला स्वयंचलित गेट चालत नाही, रांग लावावीच लागते. पुढची बस किंवा ट्रेन उतरल्यावर दोन तासांच्या आतली काढू नका. सगळं धरून दारापासून दारापर्यंत वीस-एकवीस तास होतात.

औषधं हातातल्याच बॅगेत, मूळ पाकिटात आणि डॉक्टरच्या चिठ्ठीसह ठेवा. इन्सुलिन चेक-इनमध्ये टाकलं तर गोठून वाया जाण्याची भीती असते. जाताना दिवस साडेचार-साडेपाच तासांनी लांबतो, म्हणून डोस कोणत्या घड्याळाने घ्यायचा हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. पॉवरबँकही हातातच ठेवायची, १०० वॉट-तासांपर्यंतची. २०,००० एमएएचची साधारण ७४ भरते, म्हणून चालते. तिकडचे सॉकेट तीन चौकोनी पिनांचे असतात, अडॅप्टर इथूनच घ्या.

खाऊचा मोह आवरा. भारतातून ब्रिटनमध्ये वैयक्तिक सामानातूनही मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे साजूक तूप, पेढे, खव्याच्या पोळ्या घरीच राहू द्या. ताजा कढीपत्ताही नको. सुकं खोबरं तर विमानातच चालत नाही, तेलामुळे ते पेट घेऊ शकतं म्हणून. चकली, मेतकूट, भाजणी खुशाल न्या. लोणचं चेक-इनमध्येच टाका, आणि बरणीला दोन पिशव्यांत घट्ट बांधा. तेल गळून सगळ्या कपड्यांना वास लागतो.

दुबई किंवा दोहामार्गे जायचं असेल तर दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर घ्या. वेगळी तिकिटं स्वस्त पडतात खरी, पण पहिलं विमान लेट झालं की दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही आणि नवं तिकीट खिशातून काढावं लागतं. थांबा दोन तासांपेक्षा कमी नको. सोबत वयस्कर कुणी असेल तर चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच मागून ठेवा.