कम्युनिटी कॉलेजमधून पॅरालीगल करताय? मी केलेल्या आणि बघितलेल्या या चुका टाळा

पॅरालीगल म्हणजे वकिलाच्या हाताखाली कायद्याचं काम करणारा सहाय्यक, आणि अमेरिकेतली कम्युनिटी कॉलेजं, म्हणजे दोन वर्षांची सरकारी कॉलेजं, त्याचे कोर्स चालवतात. फी भरायच्या आधी एक गोष्ट नक्की विचारा, हा कोर्स क्रेडिटचा आहे का नॉन-क्रेडिट, म्हणजे त्याची युनिट्स तुमच्या नावावर जमा होतात का नाही. मी विचारलं नव्हतं. कॉलेजचीच वेबसाइट, कॉलेजचाच लोगो, नाव 'पॅरालीगल सर्टिफिकेट', सगळं ऑनलाइन आणि थोड्या आठवड्यांत पूर्ण, मुलं शाळेत असतात तेवढ्या वेळात होऊन जाईल म्हणून लगेच नाव घातलं. मन लावून केला कोर्स. मग इथे कॅलिफोर्नियात एका लॉ ऑफिसमध्ये इंटरव्ह्यूला गेले तर तिथल्या मॅडमनी सर्टिफिकेट बघितलं आणि विचारलं, "युनिट्स किती झाली? ट्रान्सक्रिप्ट आणलंय?" ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे कॉलेजचं अधिकृत गुणपत्रक, नव्हतंच, कारण तसल्या कोर्सला युनिट मिळतच नाही. गाडीत येऊन बसले आणि रडू आलं, पैशांपेक्षा गेलेल्या वेळाचं.

तर कॅलिफोर्नियात पॅरालीगल हा शब्द कुणीही आपल्या नावापुढे लावू शकत नाही. २००१ पासून त्याला कायदा आहे, बिझनेस अँड प्रोफेशन्स कोडचं कलम ६४५०. एबीए म्हणजे अमेरिकन बार असोसिएशनने अप्रूव्ह केलेला प्रोग्रॅम पूर्ण केलेला हवा, नाहीतर मान्यताप्राप्त संस्थेचा असा पॅरालीगल प्रोग्रॅम ज्यात कायद्याच्या विषयांची किमान २४ सेमिस्टर युनिट्स आहेत, नाहीतर बॅचलर्स डिग्री, वकिलाच्या हाताखाली किमान एक वर्षाचं काम आणि त्या वकिलाचं तसं लेखी डिक्लेरेशन. आणि त्यातही एक खाच आहे बघा, काही कॉलेजं क्वार्टर पद्धतीवर चालतात, तिथली २४ युनिट्स म्हणजे सेमिस्टरची फक्त १६ होतात, तिथे ३६ लागतात. एका मैत्रिणीच्या हे शेवटच्या टर्मला लक्षात आलं. बाकी बऱ्याच राज्यांत असा कायदा नाही, लायसन्सही लागत नाही, पण मग तिथली ऑफिसं काय बघतात ते नोकरीच्या जाहिराती वाचून आधी ठरवा, कोर्स नंतर.

खरं सांगते, क्रेडिटचा कोर्स महागही नाही. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजमध्ये एका सेमिस्टर युनिटला ४६ डॉलर पडतात, म्हणजे २४ युनिट्सचे ११०४, पुस्तकं आणि किरकोळ फी वेगळी. मी त्या नॉन-क्रेडिट कोर्सला याच्याहून जास्त मोजले होते. फक्त रहिवासी म्हणून धरलं जायला साधारण वर्षभर राज्यात राहिल्याचे पुरावे लागतात, नाहीतर बाहेरच्यांचा दर लागतो जो कितीतरी पट आहे, त्यामुळे लीज, टॅक्स, ड्रायव्हिंग लायसन्स हे कागद पहिल्या दिवसापासून जपून ठेवा.

दुसरा घोळ शब्दांचा. कॉलेज देतं ते सर्टिफिकेट, आणि 'सर्टिफाइड पॅरालीगल' ही नाला (NALA) या पॅरालीगल लोकांच्या संघटनेची वेगळी परीक्षा पास झाल्यावर मिळणारी उपाधी. कॉलेजचं सर्टिफिकेट हातात आलं म्हणून रेझ्युमेवर सर्टिफाइड लिहू नका, वकील लोकांच्या नजरेत ते लगेच येतं आणि पहिल्याच कागदावर विश्वास जातो.

आता जी चूक मला सगळ्यात जास्त काळजीची वाटते ती. तुम्ही पॅरालीगल शिकताय हे ग्रुपमध्ये कळलं की लगेच कुणीतरी फोन करतं, "ताई, तुम्ही कायदा शिकताय ना, माझ्या ग्रीन कार्डचा फॉर्म जरा बघून द्या ना, कुठला भरू ते सांगा." माया असते, ओळख असते, नाही म्हणवत नाही. पण कायदेशीर सल्ला देणं पॅरालीगलला मना आहे, आणि कॅलिफोर्नियाच्या कायद्यात तर स्पष्ट लिहिलंय की ज्या वकिलाच्या हाताखाली काम करतो तो सोडून दुसऱ्या कुणासाठी कायद्याचा कागद निवडायचा नाही, समजावून सांगायचा नाही, तयार करायचा नाही, सुचवायचाही नाही. फुकट केलं तरी तेच. आणि फॉर्म चुकला तर भोगणार ती माणसं, त्यांचं स्टेटस जाऊ शकतं. "वकिलाकडेच जा" एवढंच म्हणा, हवं तर वकील शोधायला मदत करा.

अभ्यासात लोक अडकतात ते बहुतेक दोन ठिकाणी, लीगल रायटिंग आणि तारखा मोजणं. तारखांचं उदाहरण देते कारण त्यात माझेही मार्क गेले होते. कॅलिफोर्नियाच्या कोर्टात तक्रार ३ मार्चला प्रतिवादीच्या हातात पडली तर उत्तराला ३० दिवस. मी ३ मार्च हा पहिला दिवस धरला आणि १ एप्रिल लिहिलं. चूक. ज्या दिवशी मिळालं तो दिवस सोडायचा, ४ मार्च पहिला, म्हणजे २ एप्रिल शेवटचा, आणि त्या दिवशी शनिवार, रविवार किंवा कोर्टाची सुट्टी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी. हेच प्रकरण फेडरल कोर्टात असेल तर साधारणपणे ३० नाही, २१ दिवस. म्हणून आधी कोर्ट कुठलं ते वहीच्या वरच्या कोपऱ्यात लिहायचं आणि मगच मोजायला घ्यायचं, बोटावर नाही, कॅलेंडर समोर ठेवून.

एच-४ वर, म्हणजे एच-१बी वाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, असाल तर शिकायला वेगळा व्हिसा लागत नाही, पार्ट टाइमही चालतं. कुणाच्या सांगण्यावरून उगाच एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जाऊ नका, तिथे पूर्णवेळ शिकावं लागतं, बहुतेक ठिकाणी सेमिस्टरला १२ युनिट्स. मात्र शिकता येतं म्हणजे काम करता येतं असं नाही. बऱ्याच ठिकाणी शेवटच्या टर्मला इंटर्नशिप असते, ईएडी म्हणजे कामाचा परवाना नसेल तर बिनपगारी असली तरी आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा.

दुसरे कामाचे कोर्सही असेच तपासा. मेडिकल कोडिंगमध्ये सीपीसी ही कोडरची सर्टिफिकेशन परीक्षा पास झालात तरी अनुभव नसेल तर नावापुढे आधी सीपीसी-ए लागतं, ए म्हणजे अप्रेंटिस, आणि पहिली नोकरी त्यामुळे अवघड जाते, हे प्रवेशाच्या वेळी कुणी सांगत नाही. डेंटल हायजीनला प्रोग्रॅम कोडाचं (CODA, दंत शिक्षणाला मान्यता देणारी संस्था) अ‍ॅक्रेडिटेशन असलेलाच हवा. नर्सिंगला तर आधीचे सायन्सचे विषय आणि वेटिंग, त्यामुळे पहिल्या दिवशी काउन्सेलरकडून कुठला विषय कुठल्या टर्मला असतो ते लिहून घ्या, काही विषय वर्षातून एकदाच असतात आणि एक चुकला की अख्खं वर्ष जातं.

आणि माझ्यासारखं आधीच फसला असाल तर? रिफंडची तारीख गेली नसेल तर आजच ड्रॉप करा. गेली असेल तर कोर्सची आउटलाइन आणि केलेल्या असाइनमेंट्स घेऊन क्रेडिटवाल्या पॅरालीगल डिपार्टमेंटला भेटा, आधीच्या शिक्षणाचं काही धरता येतं का विचारा, आणि उत्तर तोंडी घेऊ नका, ईमेलवर मागा. माझं काहीच धरलं नाही त्यांनी. पण इंट्रोचा वर्ग मला सोपा गेला, आणि तो ईमेल अजून माझ्याकडे आहे, त्यात २४ युनिट्सचे विषय एकाखाली एक लिहिलेले आहेत, त्यातली १८ युनिट्स झालीत.