कॉलेज बेसबॉल: रिलीव्हरला वॉर्म-अपसाठी नेमकं कधी उठवायचं?

थंड बसलेल्या रिलीव्हरला (मॅचच्या मध्येच आणला जाणारा बदली पिचर, म्हणजे बेसबॉलचा बोलर) पूर्ण जोरात टाकायला तयार व्हायला साधारण आठ-दहा मिनिटं लागतात, आणि अमेरिकेतल्या कॉलेज बेसबॉलमध्ये मॅच हातातून जायला कधीकधी तेवढाही वेळ लागत नाही. दोन वॉक (चार चुकीच्या बॉलवर फुकट मिळणारा पहिला बेस), एक डबल (बॅटर दुसऱ्या बेसपर्यंत पोचेल असा फटका), झालं. म्हणून पिचर कधी बदलायचा यापेक्षा बुलपेनमधल्या (रिलीव्हर बसतात आणि वॉर्म-अप करतात ती जागा) पोराला कधी उठवायचं हा निर्णय मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तो आधी घ्यावा लागतो आणि अंदाजाने घ्यावा लागतो.

क्रिकेट बघणाऱ्यांसाठी एवढंच सांगते, आपल्याकडे कॅप्टन मिड-ऑनला उभ्या असलेल्या बोलरकडे बॉल फेकतो आणि नाही जमलं तर दोन ओव्हरनी पहिल्याला परत आणतो. इथे मॅचमधून बाहेर काढलेला पिचर परत येत नाही, त्यामुळे चुकीच्या वेळी घेतलेला निर्णय फिरवता येत नाही.

सुरुवात मॅचच्या आधी करायची. एक साधा कागद घ्या आणि प्रत्येक रिलीव्हरच्या नावापुढे लिहा: गेल्या तीन-चार दिवसांत मॅचमध्ये किती पिच (म्हणजे बॉल) टाकल्या, बुलपेनमध्ये उठून किती टाकल्या, तयार व्हायला किती वेळ लागतो. ही शेवटची गोष्ट त्या पोरालाच विचारायची, कोणी बारा पिचमध्ये रेडी असतो तर कोणाला पंचवीस लागतात, आणि जो मुळात स्टार्टर (मॅच सुरू करणारा पिचर) आहे त्याला तर बहुतेक वेळा सगळ्यात जास्त वेळ लागतो कारण त्याला निवांत तयारी करायची सवय असते. एमएलबी (अमेरिकेतली मोठी व्यावसायिक लीग) आणि यूएसए बेसबॉल (तिथली राष्ट्रीय संघटना) यांची पिच स्मार्ट नावाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात 19 ते 22 वयासाठी दिवसाला जास्तीत जास्त 120 पिच, 30 पर्यंत टाकल्या तर दुसऱ्या दिवशी चालतं, 31 ते 45 ला एक दिवस विश्रांती, 46 ते 60 ला दोन दिवस. एनसीएए (कॉलेजच्या खेळांची संघटना) अशी पिचची मर्यादा घालत नाही, म्हणून ही जबाबदारी पूर्णपणे कोचवर येते आणि ती कोणी हलक्यात घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

मग मॅच सुरू झाल्यावर वॉर्म-अपचे दोन भाग वेगळे ठेवा. पहिला भाग अंगाचा: चौथ्या-पाचव्या इनिंगपासून (मॅच नऊ इनिंग्जची, प्रत्येकीत दोन्ही टीम तीन आउट होईपर्यंत बॅटिंग करतात) ज्यांचा नंबर लागू शकतो त्यांनी जॉगिंग करायचं, रबर बँड ओढायचे, हळूहळू कॅच खेळायचा. याने हात फारसा खर्च होत नाही, त्यामुळे हे बिनधास्त लवकर करून घ्या, आणि फेब्रुवारीच्या मध्यात सीझन सुरू होतो तेव्हा थंडी असेल तर आणखी लवकर. दुसरा भाग म्हणजे बुलपेनच्या माउंडवरून (पिचर टाकतो तो उंचवटा) कॅचरला (बॅटरमागे बॉल झेलणारा) पूर्ण जोरात टाकणं. खर्च इथे आहे, म्हणून हा भाग मोजूनमापून.

आता मुख्य हिशोब, आणि तो उलटा करायचा. तुम्हाला रिलीव्हर कोणत्या बॅटरसमोर हवाय ते आधी ठरवा. समजा समोरच्या टीमचा तिसऱ्या नंबरचा डावखुरा बॅटर भारी आहे आणि त्याच्यासमोर तुमचा लेफ्टी (डावखुरा पिचर) हवाय. बेसवर कोणी नसलं तर दोन पिचमध्ये 20 सेकंदांचं घड्याळ असतं, एका बॅटरला सरासरी चारेक पिच लागतात, फाऊल बॉल वगैरे धरून दीड-दोन मिनिटं. म्हणजे आठ मिनिटं हवी असतील तर चार-पाच बॅटर आधी उठवायचा, म्हणजेच समोरचा आठव्या नंबरचा बॅटर येतोय तेव्हाच लेफ्टीला उठवा (नवव्यानंतर ऑर्डर परत पहिल्यापासून सुरू होते). मध्ये इनिंग बदलत असेल तर तो ब्रेक आणि तुमच्या टीमची बॅटिंगही धरा, पण तुमचे तिघे सहा पिचमध्येही आउट होऊ शकतात म्हणून त्या वेळेवर फार भरवसा नको. एमएलबीत 2020 पासून नव्या पिचरला किमान तीन बॅटर खेळवावे लागतात (इनिंग आधी संपली तर सूट), कॉलेजमध्ये तो नियम नाही, एका बॅटरपुरता लेफ्टी आणणं इथे चालतं.

स्टार्टरकडे बघून कधी उठवायचं? पिच काउंट 75-80 च्या पुढे गेला, किंवा बॅटिंग ऑर्डर तिसऱ्यांदा फिरून वरून सुरू होतेय, किंवा फास्टबॉलचा वेग पहिल्या इनिंगपेक्षा ताशी दोन-तीन मैलांनी उतरलाय, किंवा बॉल सारखे वर राहतायत आणि कॅचरचा ग्लोव्ह प्रत्येक पिचला हलतोय, यातलं काहीही दिसलं तरी उठवा. यात वाईट घडायची वाट बघायची नाही. आउट झाले पण तिन्ही बॉल कडक लागून थेट फील्डरच्या हातात गेले, हीसुद्धा खूणच आहे आणि स्कोअरबोर्डवर ती दिसत नाही.

एवढं करूनही अडचण लवकर आली तर वेळ काढायचा. आधी कॅचरला माउंडवर पाठवा, मग पिचिंग कोचने सावकाश चालत जावं. पण लक्षात ठेवा, एकाच इनिंगमध्ये त्याच पिचरकडे कोच दुसऱ्यांदा गेला तर पिचर बदलावाच लागतो, म्हणून बुलपेनमधून रेडीचा इशारा येईपर्यंत दुसरी फेरी नाही. पिचरला दुखापत झाली तर गोष्ट वेगळी, तेव्हा नव्या पिचरला माउंडवर हवा तेवढा वेळ अंपायर देतात, तिथे घाई करून पोराचा हात पणाला लावू नका.

उठवला आणि गरज लागली नाही, हे रोज होणार. अशावेळी त्याला लगेच थांबवा, अंगात जॅकेट घालायला सांगा, मध्येमध्ये हलके थ्रो चालू ठेवा. पण एकदा बसवला, मग परत उठवला, परत बसवला, तर माझ्या मते त्याचा त्या दिवसाचा कोटा संपला, तिसऱ्यांदा उठवू नका. मॅचच्या रेकॉर्डमध्ये त्याच्या नावावर शून्य पिच असतील, पण कोपराच्या आतल्या लिगामेंटने चाळीस-पन्नास पिच झेललेल्या असतात. 1974 मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉनच्या कोपरावर ज्या लिगामेंटचं ऑपरेशन केलं तेच हे, आणि आज कॉलेजच्या वयाची कितीतरी पोरं त्याच टेबलावर जातात.

पहिल्या वर्षाच्या पोराला शक्यतो नव्या इनिंगच्या सुरुवातीला, बेस रिकामे असताना आणा. बेस भरलेले असताना अनुभवी माणूस हवा, आणि तो पटकन तयार होणारा हवा.

एक्स्ट्रा इनिंग्जची तयारीही ठेवा, एक पिचर कायम न उठवता राखून, म्हणजे नवव्या इनिंगपर्यंत सगळ्यांना उठवून मोकळं व्हायचं नाही. 2009 मध्ये ऑस्टिनच्या रीजनलला (कॉलेज चॅम्पियनशिपची पहिली फेरी) टेक्सास आणि बॉस्टन कॉलेजची मॅच 25 इनिंग्ज चालली, टेक्सास 3-2 ने जिंकलं, आणि त्यांचा रिलीव्हर ऑस्टिन वुड एकटा 13 इनिंग्ज टाकत राहिला, 169 पिच. लोक अजून कौतुकाने सांगतात, आणि तो पोरगा खरंच लढला, पण कोणत्याही कोचने प्लॅन म्हणून याकडे बघू नये. रीजनलमध्ये चार टीम, दोन हरल्या की घरी, तीन-चार दिवसांत चार-पाच मॅच होऊ शकतात, तिथे शुक्रवारी उगाच उठवलेला रिलीव्हर रविवारी कमी पडतो.

मॅच संपली की बस निघायच्या आधी बुलपेन कॅचरकडून आकडे घ्या आणि त्याच कागदावर दोन रकाने भरा, मॅचमधल्या पिच आणि बुलपेनमधल्या पिच, आणि उद्या कोण उपलब्ध हे ठरवताना दोन्हींची बेरीज बघा.