छतावरची डिश उतरवण्यापूर्वी

दूरसंचार नियामक संस्था ट्रायच्या आकडेवारीनुसार मार्च २०२४ अखेर देशात सशुल्क डीटीएचचे सुमारे ६.२ कोटी सक्रिय ग्राहक होते; मार्च २०२५ अखेर ते सुमारे ५.७ कोटींवर आले. आपल्याकडे डिश सोडण्याची रीत फार सोपी आहे: रिचार्ज संपतो आणि पुन्हा करायचे कोणी मनावर घेत नाही. मग पंधरा दिवसांनी आजी संध्याकाळच्या मालिकेची चौकशी करते, सामन्याच्या ऐन वेळी ॲप वर्गणी मागते आणि घरात वादाला सुरुवात होते. हे टाळायचे असेल तर डिशकडून स्ट्रीमिंगकडे जाण्याचे काम क्रमाने आणि साधारण दोन महिन्यांच्या सवडीने करावे.

पहिले काम कागद-पेन्सिलीचे आहे. पंधरा दिवस घरातले कोण, कोणत्या वेळी, काय पाहते याची नोंद ठेवावी. दोनशे-तीनशे चॅनलच्या पॅकमधून प्रत्यक्षात सात-आठच चॅनल लावले जातात, असे बहुतेक घरांत आढळेल. त्यानंतर त्यांतला प्रत्येक कार्यक्रम कोणत्या ॲपवर मिळतो ते पाहावे. मराठी प्रेक्षकाची खरी अडचण येथेच आहे. झी मराठीच्या मालिका झी५वर असतात, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या जिओहॉटस्टारवर, तर सोनी मराठीच्या सोनीलिव्हवर. फेब्रुवारी २०२५मध्ये जिओसिनेमा आणि हॉटस्टार एकत्र झाले, त्यामुळे एक वर्गणी वाचली. तरीही डिशच्या एका पॅकमध्ये जे शेजारीशेजारी मिळत होते, ते आता तीन दुकानांतून आणावे लागते. घरात या तिन्ही ॲपवरच्या मालिकांचे निष्ठावंत प्रेक्षक असतील, तर डिश सोडून पैसे वाचतील ही आशा बाळगू नये.

खर्चाचा हिशेब मांडताना जीएसटी विसरला जातो. २०१९ साली लागू झालेल्या नियमांत डीटीएचच्या मूळ भाड्याला १३० रुपयांची मर्यादा होती आणि १८ टक्के कर धरून ते १५३.४० रुपये होत असे. जुलै २०२४मध्ये ट्रायने ही मर्यादा काढून टाकली, त्यामुळे आपल्या कंपनीचा आजचा दर तिच्या ॲपवरच तपासावा. ब्रॉडबँडच्या जाहिरातीतही कर बहुधा धरलेला नसतो: ४९९ रुपयांचा प्लॅन हातात पडतो तेव्हा ५८८.८२ रुपयांचा झालेला असतो. मात्र मुलांच्या अभ्यासासाठी किंवा कामासाठी घरात आधीच ब्रॉडबँड असेल, तर तो खर्च टीव्हीच्या खात्यावर टाकू नये. तुलना फक्त ॲपच्या वर्गण्या आणि डिशचा रिचार्ज यांच्यातच करावी. काही ब्रॉडबँड प्लॅनमध्ये ॲपची वर्गणी समाविष्ट असते, परंतु ती टीव्हीवर चालते की केवळ मोबाइलवर, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्यावे.

आता इंटरनेटकडे वळू. उपग्रहाचे एकच प्रक्षेपण देशभरातल्या सगळ्या डिशवर एकाच वेळी पडते, प्रेक्षक दहा असोत वा दहा कोटी. स्ट्रीमिंगमध्ये प्रत्येक घरासाठी प्रवाह स्वतंत्रपणे वाहतो. म्हणून डिशचा शत्रू मुसळधार पाऊस, तर ॲपचा शत्रू संध्याकाळची गर्दी. नेटफ्लिक्सच्या शिफारशीनुसार फुल एचडी चित्रासाठी ५ एमबीपीएस आणि फोर-केसाठी १५ एमबीपीएस वेग लागतो. हे आकडे एका टीव्हीचे आहेत. त्यामुळे वेगाची चाचणी दुपारी न करता रात्री आठ ते दहाच्या दरम्यान, टीव्ही जेथे आहे त्याच जागी उभे राहून करावी. राउटर दिवाणखान्यात आणि टीव्ही दोन भिंतींपलीकडे, अशी रचना असेल तर जास्त वेगाचा प्लॅन घेण्याआधी लॅन केबल टाकून पाहावी. माझ्या घरचा प्रश्न एका केबलने सुटला. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर टीव्ही चालवण्याचा बेत असेल, तर एचडी चित्राला तासाला ३ जीबीपर्यंत डेटा लागू शकतो, म्हणजे रोजचा दीड जीबी अर्ध्या तासाच्या मालिकेत संपू शकतो, हे ध्यानात ठेवावे. वीज गेल्यावर राउटरही बंद पडतो. इन्व्हर्टर नसलेल्या घरात त्याच्यासाठी छोटा यूपीएस उपयोगी पडतो.

यानंतरचा टप्पा ज्येष्ठांचा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. ज्यांना वर्षानुवर्षे चॅनलचा क्रमांक दाबून टीव्ही लावण्याची सवय आहे, त्यांना चित्रांच्या भिंतीतून आपली मालिका शोधणे जाचक वाटते. म्हणून ॲपमध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र प्रोफाइल करावे, भाषा मराठी निवडावी, त्यांच्या मालिका यादीत जोडून ठेवाव्यात आणि टीव्हीच्या पहिल्या पडद्यावर लागतील तेवढीच दोन-तीन ॲप ठेवावीत. आठवडाभर रिमोट त्यांच्याच हातात द्यावा आणि आपण शेजारी गप्प बसावे. त्यांना जमेपर्यंत डिश बंद करू नये.

वर्गण्या घेताना सुरुवातीला महिन्याचीच योजना निवडावी आणि स्वयंचलित नूतनीकरणाकडे लक्ष ठेवावे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशी रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यावी लागते. तो संदेश वाचावा, आणि नको असलेला ऑटोपे आपल्या यूपीआय ॲपमधून रद्द करावा. केवळ टीव्हीवरून ॲप काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही.

शेवटचा एक महिना डिश आणि ॲप दोन्ही चालू ठेवावेत, शक्यतो क्रिकेटच्या हंगामात. उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरवर असूनही संदेशाला वर जाऊन खाली यायला जेमतेम पाव सेकंद लागतो. ॲप मात्र चित्राचे तुकडे साठवून मग दाखवते, त्यामुळे अर्ध्या मिनिटापर्यंतही मागे पडू शकते. डिशवाल्या शेजाऱ्याचा जल्लोष आधी आणि आपल्याकडचा षटकार नंतर, हे सोसणार असेल तरच पुढे जावे.

डीटीएच बंद करताना सेट-टॉप बॉक्स विकतचा आहे की भाड्याचा, आणि अनामत रक्कम भरली होती का, हे पावतीवरून पाहून कंपनीला लेखी कळवावे. डिश मात्र लगेच भंगारात देऊ नये. प्रसारभारतीची डीडी फ्री डिश ही २००४ पासून चालू असलेली सेवा मासिक शुल्काविना मिळते. बॉक्सचा एकदाच होणारा खर्च साधारण दीड-दोन हजार रुपये येतो. जुनी डिश ९३.५ अंश पूर्वेच्या जीसॅट-१५ उपग्रहाकडे वळवून घेता येते, क्वचित डिशसमोर बसवलेला, संदेश टिपणारा भाग (एलएनबी) बदलावा लागतो. सह्याद्रीबरोबरच डीडी स्पोर्ट्सही येथे मिळते, आणि २००७च्या कायद्यामुळे भारतीय पुरुष संघाच्या एकदिवसीय व टी-ट्वेंटी सामन्यांचे प्रक्षेपण प्रसारभारतीला द्यावे लागते. खासगी वाहिन्यांची यादी मात्र लिलावानुसार बदलत राहते. नेट रखडेल त्या संध्याकाळी ही सोय कामाला येते. प्रसारभारतीने नोव्हेंबर २०२४मध्ये गोव्यातील इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात सुरू केलेले वेव्ह्ज हे ॲप टीव्हीवर घेऊन ठेवण्यासही हरकत नाही.

एवढे करूनही डिश नकोच असेल, तर ती उतरवल्यावर स्लॅबमधील बोल्टची भोके आणि केबल आत येते ते छिद्र वॉटरप्रूफिंगच्या सिमेंटने बुजवून घ्यावे, आणि हे काम मे महिन्यातच उरकावे.