एका भांड्यातला बीफ पास्ता: या चुका टाळा

मी पहिल्यांदा हा पदार्थ केला तेव्हा एकाच पातेल्यात तीन पदार्थ निघाले: वरचा पास्ता कडक, मधला लगदा आणि खालचा करपलेला. खिमा राखाडी, रस्सा पांचट. घरच्यांनी निमूटपणे खाल्लं, पण ‘आणखी वाढू का?’ या प्रश्नावर कोणाचा हात पुढे आला नाही.

चूक कृतीत नव्हती, माझ्या समजुतीत होती. एकच भांडं म्हणजे सगळं एकदम टाकायचं आणि झाकण ठेवून मोकळं व्हायचं, असं मी धरून चालले होते. प्रत्यक्षात भांडं एकच असलं तरी पायऱ्या तेवढ्याच असतात. आणि इथे पाणी गाळून टाकता येत नाही. जेवढं ओताल तेवढं ताटात येणार किंवा आटून जाणार. बहुतेक बिघाड या एका गोष्टीपाशी येऊन थांबतात.

पुढे जे सांगते त्याला आधार म्हणून हे प्रमाण धरा. चार-पाच माणसांसाठी ५०० ग्रॅम बीफ खिमा, ३०० ग्रॅम पेने किंवा फुसिली (नळीच्या किंवा पिळाच्या आकाराचा पास्ता), एक मोठा कांदा, लसणाच्या चार पाकळ्या, दोन मोठे चमचे टोमॅटो पेस्ट, ४०० ग्रॅमचा टोमॅटोचा एक डबा, ७५० मिलिलिटर गरम पाणी किंवा स्टॉक (मांस-हाडं किंवा भाज्या उकळून गाळलेलं पाणी) आणि शेवटी मूठ-दीड मूठ किसलेलं चीज. भांडं जाड बुडाचं, रुंद आणि चार-पाच लिटरचं हवं.

खिमा परतायच्या ऐवजी उकडणं

सगळ्यात जास्त चव इथेच वाया जाते. थंड भांड्यात थंड खिमा टाकला आणि लगेच ढवळायला लागलो की त्यातलं पाणी सुटतं आणि खिमा स्वतःच्याच पाण्यात शिजतो. पाणी आहे तोवर भांड्यातलं तापमान १०० अंश सेल्सिअसच्या वर जात नाही. मांसाला खरपूस रंग आणि वास येण्याची प्रक्रिया नीट वेग घेते ती साधारण १४० अंशांच्या पुढे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिय मायार यांनी १९१२ साली तिचं वर्णन केलं, म्हणून ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. थोडक्यात, ओला खिमा कितीही वेळ ढवळला तरी खरपूस होत नाही, नुसता चिवट होतो.

खिमा धुऊन घ्यायची सवय असेल तर इथे मोडा. धुतल्याने जंतू मरत नाहीत, ते ओट्यावर आणि आसपासच्या भांड्यांवर उडतात. शिवाय जे पाणी आपल्याला नको आहे तेच आपण आत घेतो. उलट, खिमा कागदी रुमालाने टिपून घ्या.

भांडं आधी चांगलं तापवा, चमचाभर तेल घाला, खिमा थापून एका थरात पसरवा आणि तीन-चार मिनिटं हात लावू नका. हे सगळ्यात कठीण असतं, उलथनं आपोआप चालायला लागतं. खालची बाजू तांबूस झाली की उलटा, मग फोडा. भांडं लहान असेल तर दोन वेळा करा. मी कानाचा भरवसा धरते. पाणी असेपर्यंत खदखद ऐकू येते, पाणी उडालं की चरचर सुरू होते. चरचर ऐकू येईपर्यंत कांदा टाकायचा नाही.

खिमा कोरडा, वाळूसारखा होतो अशी तक्रार असेल तर परतण्याआधी १५ मिनिटं त्याला पाव छोटा चमचा खाण्याचा सोडा चोळून ठेवा. मांसातलं पाणी कमी सुटतं आणि रंगही लवकर येतो. पाव चमचा म्हणजे पावच, जास्त झाला तर साबणासारखी चव येते.

खिमा चरबीचा असेल तर या टप्प्यावर भांड्यात बरंच तेल साचलेलं दिसेल. ते सगळं तसंच ठेवलं तर शेवटी रश्श्यावर तवंग येतो, सगळं काढलं तर चव जाते. मोठा चमचाभर ठेवा, बाकीचं वाटीत काढा आणि थिजलं की कचऱ्यात टाका. मोरीत ओतू नका, नळीत जाऊन घट्ट बसतं.

आता कांदा. त्याला सुटणाऱ्या पाण्याने भांड्याच्या बुडाला चिकटलेला तांबूस थर मोकळा होतो, तो लाकडी उलथन्याने खरवडून घ्या. चवीचा निम्मा भाग त्या थरात असतो आणि तो तसाच राहिला तर पुढे तोच पहिल्यांदा करपतो. लसूण मात्र खिम्याबरोबर सुरुवातीला नको, जळून कडू होतो. कांदा मऊ झाल्यावर टाका, अर्धा मिनिट पुरे. मग टोमॅटो पेस्ट, तीही नुसती मिसळून सोडून द्यायची नाही. तेल सुटेपर्यंत आणि रंग गडद होईपर्यंत दोन मिनिटं परता, तिचा कच्चट आंबटपणा जातो.

पाण्याचा अंदाज

सुका पास्ता शिजताना त्याच्या वजनाच्या साधारण सव्वा ते दीड पट पाणी पितो. म्हणजे ३०० ग्रॅम पास्त्याला ४०० मिलिलिटरच्या आसपास नुसतं पिण्यासाठी लागतं. उरलेल्यातलं काही वाफ होऊन जातं आणि जे राहतं तो आपला रस्सा. वरच्या प्रमाणात ७५० मिलिलिटर पाणी आहे आणि डब्यातल्या टोमॅटोचा रस वेगळा. सुरुवातीला हे सूप वाटतं, वाटू द्या. पास्ता पातळीच्या जेमतेम खाली बुडालेला दिसला की बरोबर.

टोमॅटोला पाणी समजणं ही मी वारंवार केलेली चूक. दाट टोमॅटो प्युरीत पास्ता बुडालेला दिसतो, पण त्याला प्यायला मोकळं पाणी मिळत नाही. बाहेरून लाल, आतून कच्चा. प्युरी वापरणार असाल तर पाणी कमी करू नका.

डब्यातला टोमॅटो घातला की पाणी ओता, पण गरमच. थंड पाण्याने भांड्यातली उकळी बसते आणि ती परत यायला उगाच वेळ जातो. उकळी आली की पास्ता टाका, नीट हलवा, आच मध्यमपेक्षा थोडी कमी करा आणि झाकण ठेवा. झाकण न ठेवता शिजवायचं असेल तर पाणी कपभर जास्त लागेल, आणि ते किती जास्त हे भांड्याच्या रुंदीवर ठरतं. म्हणून मी झाकणाच्या बाजूची आहे.

पाकिटावरची वेळ भरपूर पाण्यात खळखळून शिजणाऱ्या पास्त्यासाठी असते. इथे ती फक्त दिशा दाखवते. पाकिटावर ११ मिनिटं असतील तर नवव्या मिनिटाला एक तुकडा काढून चावून बघा. मधोमध पांढरा ठिपका दिसला तर अजून वेळ आहे. ठिपका जवळजवळ नाहीसा झाला की आच बंद, झाकण तसंच, पाच मिनिटं विसरून जा. उरलेलं काम आतली उष्णता करते.

आता बिघडल्यावर काय करायचं ते.

पाणी संपलं आणि पास्ता कच्चा: अर्धा कप गरम पाणी, हलवून झाकण, तीन मिनिटं. लागलं तर पुन्हा. एकदम दोन कप ओतायची घाई करू नका.

पास्ता शिजला आणि रस्सा पातळ: इथे बहुतेक जण आच वाढवून पाणी आटवायला जातात आणि पास्त्याचा लगदा करून बसतात. आच बंद करा, झाकण काढा, पाच-सात मिनिटं थांबा. गाळून न टाकल्यामुळे पास्त्याचं सगळं स्टार्च भांड्यातच असतं आणि निवताना ते रस्सा धरतं. जेवायला बसेपर्यंत दाट होतो.

पास्ता जास्त शिजून मऊ पडला: तो परत ताठ होत नाही, कोणी काहीही सांगो. पण ओव्हनच्या भांड्यात पसरून वर चीज घाला आणि २०० अंशांवर १५ मिनिटं ठेवा. वर कुरकुरीत पापुद्रा आला की खालचा मऊपणा मुद्दाम केल्यासारखा वाटतो. ही लबाडी मी दोनदा केली आहे, दोन्ही वेळा कौतुक झालं.

बुडाला लागणं

भरपूर पाण्यात पास्ता उकळीबरोबर हलत राहतो, इथे तो बुडावर बसतो. त्यामुळे दर दोन-तीन मिनिटांनी बुडापासून एकदा हलवायलाच हवं. पहिली दोन मिनिटं सगळ्यात धोक्याची, तेव्हा तुकडे एकमेकांना चिकटतात. मात्र सतत घोटत राहिलात तर पास्ता फुटतो आणि सगळं खळीसारखं होतं.

पातळ बुडाच्या भांड्यात हा पदार्थ मी करत नाही. बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, भांडं वापरत असाल तर एनॅमल दिलेलं घ्या. नुसत्या लोखंडात टोमॅटो बराच वेळ शिजला की त्याला धातूची चव येते.

करपल्याचा वास आलाच तर ढवळू नका, खरवडू तर मुळीच नका. ताबडतोब वरचा भाग दुसऱ्या भांड्यात काढा आणि बुडाचा थर तिथेच सोडा. मग वरच्या भागाची चव घ्या. बऱ्याचदा तो सुटलेला असतो. थोडासा करपट वास राहिला असेल तर चीज आणि मिरपूड झाकून नेतात. कडू लागला तर मात्र नाद सोडा.

पास्ता कोणता

पेने, फुसिली, शंखाच्या आकाराचा, कोपरासारखी वाकडी मॅकरोनी, यांत अडचण येत नाही. स्पॅगेटी या भांड्यात जुड्या करून बसते. ती मोडून टाकली तरी चालेल, पण मग हलवायला जास्त लागेल. ताजा पास्ता दोन-तीन मिनिटांत शिजून विरघळायला लागतो, त्याला हा मार्ग नाहीच. ग्लूटेन नसलेला पास्ता फुटतो आणि चिकट होतो, तो वेगळा उकडून शेवटी मिसळलेला बरा. भांडी दोन झाली तरी हरकत नाही.

मीठ

स्टॉकमध्ये मीठ, चीजमध्ये मीठ, आणि पाणी आटत जाणार. सुरुवातीला अर्धा छोटा चमचा, बाकीचं चीज घातल्यावर चव बघून. खारट झालंच तर बटाटा टाकून मीठ ‘शोषून’ घेता येत नाही. बटाटा खारट पाणी पितो, पाण्यातलं मीठ वेगळं काढत नाही. बिनमिठाचा टोमॅटो किंवा थोडी क्रीम घालून एकूण प्रमाण वाढवा, तोच उपाय.

क्रीम फुटणं, चीजच्या गाठी

टोमॅटोचा आंबटपणा आणि खळखळती उकळी एकत्र आली की दूध फुटतं. दूध किंवा कमी फॅटची क्रीम लवकर फुटते, जाड क्रीम बरीच तग धरते. आच बंद केल्यावर, क्रीममध्ये आधी दोन डाव गरम रस्सा कालवून मग ती भांड्यात ओतली तर सहसा फुटत नाही.

चीजचंही तेच. उकळत्या रश्श्यात टाकलं की त्याचा चिवट गोळा होतो आणि तेल वेगळं होतं. आचेवरून उतरवून, मुठीमुठीने घालत हलवा. आधीच किसून पाकिटात मिळणाऱ्या चीजला किस चिकटू नये म्हणून स्टार्च किंवा सेल्युलोजची पूड लावलेली असते, त्यामुळे ते नीट एकजीव होत नाही. दोन मिनिटं खर्चून घरी किसा.

खिम्याऐवजी तुकडे

स्ट्यूसाठीचे बीफचे तुकडे पास्त्याबरोबर एकदम टाकले तर पास्ता झाला तेव्हा मांस चामड्यासारखं असतं. त्यातलं कोलॅजन, म्हणजे मांस चिवट ठेवणारं प्रथिन, विरघळून मऊ व्हायला मंद आचेवर दीड-दोन तास लागतात. आधी तुकडे पूर्ण शिजवा, मग उरलेला रस मोजा, कमी असेल तितकं पाणी घाला आणि त्यानंतर पास्ता. घाई असेल तर तुकडे कुकरला लावा. पास्ता मात्र मी साध्या पातेल्यातच करते. कुकरमध्ये स्टार्चचा फेस शिटीपर्यंत चढतो आणि आतला पास्ता चाखूनही बघता येत नाही.

पाहुण्यांसाठी दुप्पट करताना

खिमा दुप्पट, पास्ता दुप्पट, पाणी दुप्पट नाही. तेच रुंद भांडं असेल तर वाफ होऊन जाणारं पाणी जवळपास तेवढंच राहतं. पावणेदोन पट पाण्याने सुरुवात करा, आणखी गरम पाणी शेजारी तयार ठेवा. खिमा मात्र दोन किंवा तीन हप्त्यांत परता, नाहीतर पुन्हा उकडलेलाच.

उरलेलं

रंगावरून खिमा शिजला की नाही हे ठरवू नका, तो आतून पुरेसा तापण्याआधीच तांबूस दिसू शकतो. सुरक्षित तापमान ७१ अंश सेल्सिअस. या पदार्थात तो पुढे दहा-बारा मिनिटं उकळत्या रश्श्यात असतो, त्यामुळे ती काळजी मिटते. खरा धोका नंतरचा. भांडं रात्रभर ओट्यावर राहतं आणि सकाळी ‘वास तर चांगला आहे’ म्हणून पुन्हा गरम होतं. दोन तासांच्या आत उथळ डब्यांत काढून फ्रिजमध्ये ठेवा. खोल पातेलं तसंच आत ठेवलं तर मधला भाग निवायला फार वेळ घेतो. तीन-चार दिवसांत संपवा आणि गरम करताना ७४ अंशांपर्यंत, म्हणजे सगळीकडून वाफ येईपर्यंत तापवा.

दुसऱ्या दिवशी डब्यात रस्सा दिसणार नाही, सगळा पास्त्याने पिऊन टाकलेला असतो. दोन-तीन चमचे पाणी शिंपडून, झाकण ठेवून मंद आचेवर गरम केलं की सुटा होतो. फ्रीझरमध्ये ठेवायचा विचार असेल तर पास्ता टाकण्याआधीच, टोमॅटोपर्यंतचा खिमा वेगळा काढून ठेवा. शिजलेला पास्ता गोठून वितळला की पिठूळ होतो. तो खिमा ज्या दिवशी काढाल त्या दिवशी पाणी आणि पास्ता घातला की २० मिनिटांत जेवण तयार, आणि त्या दिवशी परतायचं कामही नाही.