ग्रिडमधे आयडीच्या जागी नाव दिसायला हवंय? मग ड्रॉपडाऊन असा जोडा

समजा कर्मचारी टेबलात विभाग_आयडी आहे आणि विभागांची नावं वेगळ्या लुकअप टेबलात (म्हणजे आयडी आणि नाव यांच्या जोड्यांचं टेबल), मग फॉर्मच्या ग्रिडमधे, म्हणजे ओळी-रकान्यांच्या तक्त्यात, नुसते 3, 7, 2 असे आकडे दिसतात आणि एंट्री करणाऱ्याला काय तो 7 पाठ असणारे का? लिब्रेऑफिस बेस या डेटाबेस प्रोग्रॅममधे हे पाच मिनिटांचं काम आहे, फक्त एका ठिकाणी बहुतेक जण अडकतात.

फॉर्म डिझाइन मोडमधे उघडा, ग्रिडमधल्या त्या कॉलमच्या हेडरवर राइट क्लिक करून रिप्लेस विथ मधून लिस्ट बॉक्स निवडा. कॉम्बो बॉक्स नको हं! दिसायला दोन्ही सारखेच पण कॉम्बो बॉक्स जे अक्षरं दिसतात तेच फील्डमधे टाकायला बघतो, आपल्याला तर आयडी सेव्ह करायचाय.

आता परत राइट क्लिक, कॉलम, डेटा टॅब. डेटा फील्ड विभाग_आयडीच राहू द्या, लिस्टचा प्रकार एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) ठेवा आणि क्वेरीत लुकअप टेबलातून आधी नाव, मग आयडी घ्या, ऑर्डर बाय नाव लावलंत तर शोधायला बरं पडतं. क्रम महत्त्वाचा आहे कारण यादीत पहिला कॉलमच दिसतो.

मग येतं बाउंड फील्ड, म्हणजे क्वेरीतल्या कोणत्या कॉलमची किंमत सेव्ह करायची ते, अडकायचं ठिकाण हेच. तिथे 1 टाका. इथे मोजणी 0 पासून होते, म्हणजे 0 म्हणजे नाव आणि 1 म्हणजे आयडी. मी एकदा 0 ठेवलं होतं, सगळ्या जुन्या ओळींमधे तो रकाना कोरा, मला वाटलं डेटाच उडाला! डेटा जागच्या जागी होता, फक्त नावांच्या यादीत आयडी शोधला जात होता, तो सापडणार कसा.

मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसवरून आलेल्यांचा तर हमखास गोंधळ होतो कारण तिथे बाउंड कॉलम 1 पासून मोजतात, आणि आयडी पहिला घेऊन कॉलम काउंट 2 करून आयडीच्या कॉलमची रुंदी 0 करायची, म्हणजे तो लपवायची, पद्धत आहे. मला बेसची पद्धत जास्त सुटसुटीत वाटते.

दोन्ही टेबलात आयडीचा टाइप एकच ठेवा, एकीकडे इंटिजर दुसरीकडे टेक्स्ट असलं प्रकरण नको. आणि फॉर्म उघडा असतानाच लुकअपमधे नवीन विभाग टाकलात तर तो यादीत लगेच दिसत नाही, त्या लिस्ट बॉक्समधे कर्सर ठेवून नेव्हिगेशन टूलबारवरचं रिफ्रेश कंट्रोल दाबा.