नायट्रो गाडी घरच्या बॅटरीवर सुरू करताय? या चुका टाळा

नायट्रो गाडी म्हणजे मिथेनॉल-नायट्रोमिथेनच्या इंधनावर चालणारी रिमोट कंट्रोलची छोटी गाडी. तिचं इंजिन सुरू करताना वीज दोन ठिकाणी लागते आणि दोन्हीकडची भूक वेगळी. ग्लो प्लगला, म्हणजे तापलेल्या तारेने इंधन पेटवणाऱ्या प्लगला, जेमतेम 1.2 ते 1.5 व्होल्ट, पण करंट 3 अँपिअरच्या आसपास. स्टार्टर बॉक्सच्या (गाडी वर टेकवली की चाकाने इंजिन फिरवणारी पेटी) मोटरला 12 व्होल्ट आणि जोर लागला की त्याच्या कितीतरी पट करंट. इग्नायटर (प्लग तापवणारा बॅटरीचा दांडा) मेला किंवा स्टार्टरचा बॅटरी पॅक बसला की हाताशी येईल ती बॅटरी जोडली जाते आणि तिथूनच घोळ सुरू होतो.

प्लगला लायपोचा (लिथियम पॉलिमर) सेल थेट जोडू नका. 3.7 व्होल्ट म्हणजे काय मोठंसं, असं वाटतं. पण पूर्ण चार्ज झालेला सेल 4.2 वर असतो आणि प्लगमधली प्लॅटिनमची बारीक तार क्षणात जळून तुटते. 12 व्होल्टवरून प्लग तापवायचाच असेल तर मध्ये प्लगपुरता व्होल्टेज कमी करून देणारं पॉवर पॅनेल हवं.

याच्या उलट चूक पेन्सिल सेलची. मीटरवर 1.5 व्होल्ट दिसतात, प्लग लावला की लगेच कोसळतात. घड्याळ चालवणारा सेल 3 अँपिअर फार काळ देऊच शकत नाही. सब-सी आकाराचा 1.2 व्होल्टचा एनआयएमएच (निकेल मेटल हायड्राइड) सेल हे काम निवांत करतो. तारसुद्धा जाड आणि आखूड घ्या: वायर आणि क्लिपमध्ये मिळून 0.1 ओहम रोध असला तरी 3 अँपिअरवर 0.3 व्होल्ट वाटेतच जातात, म्हणजे सेलचा पाव भाग. शंका आली तर प्लग काढून पक्कडीत धरा आणि बाहेरच तापवून बघा. तार लखलखीत नारिंगी दिसली पाहिजे.

स्टार्टर बॉक्ससाठी यूपीएसची 12 व्होल्ट 7 अँपिअर-अवरची बॅटरी माझ्या मते सगळ्यात चांगली. स्वस्त आणि कुठेही मिळणारी. फक्त यूपीएसमधून बाद झालेली उचलू नका. अशी बॅटरी मोकळी असताना ऐटीत 12.6 दाखवते. मीटर लावून ठेवा आणि इंजिन टेकवून मोटर फिरवा. आकडा 9 च्या खाली घसरला तर ती भंगारातच शोभते. सीसीटीव्हीचा 12 व्होल्ट 2 अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर तर वापरूच नका. मोटर एकदा हिसका देते, अ‍ॅडॉप्टर स्वतःला बंद करतो आणि आपण बिचाऱ्या मोटरला नावं ठेवतो.

थ्री-एस, म्हणजे तीन सेल एकापुढे एक जोडलेली लायपो चालते, जोरातही चालते. पण साध्या बॉक्समध्ये लो-व्होल्टेज कटऑफ, म्हणजे व्होल्टेज उतरलं की वीज तोडणारी सोय, नसतो. सेल 3 व्होल्टच्या खाली गेला की पॅकचं नुकसान होतं, म्हणून पॅकच्या बॅलन्स प्लगला (प्रत्येक सेलच्या तारा बाहेर आणणारा छोटा प्लग) व्होल्टेजचा अलार्म लावा. जोडणी इंधन भरण्याआधी करा, कारण क्लिप लावताना ठिणगी उडते आणि मिथेनॉलची ज्योत दिवसाउजेडी जवळपास दिसतच नाही.

ड्रिल मशीनने सुरू करायचं असेल तर इंजिनाला मागे शाफ्ट-स्टार्टची बॅकप्लेट, म्हणजे ड्रिलला जोडलेला दांडा आत घालता येईल असं मागचं झाकण, हवी. दिशा चुकली तर त्यातलं वन-वे बेअरिंग (एकाच दिशेने पकडणारं) नुसतं घसरतं आणि इंजिन हलत नाही. ड्रिलची रिंग ड्रिलच्या खुणेवर नको, क्लचच्या हलक्या आकड्यावर ठेवा.

हलका आकडा का, तर इंजिन अडकलं असेल तेव्हा क्लचने सुटलं पाहिजे. इथे लोक हटकून फसतात. इंजिन फिरत नाही म्हणजे बॅटरी कमी पडतेय, असं धरून आणखी दांडगी बॅटरी आणतात. प्रत्यक्षात वारंवार प्राइम केल्याने (सुरू करण्याआधी इंधन इंजिनकडे ओढल्याने) सिलिंडरमध्ये इंधन साचलेलं असतं. द्रव दाबला जात नाही, पिस्टन वर जाऊ शकत नाही आणि जबरदस्ती केली की कनेक्टिंग रॉड वाकतो. तेव्हा आधी इग्नायटर काढा, मग प्लग काढा, गाडी उलटी धरा आणि इंजिन थोडं फिरवून इंधन बाहेर काढा. डोळे भोकासमोर नकोत, खाली फडकं धरा. नवं इंजिन मात्र इंधन नसतानाही वरच्या टोकाला घट्ट बसतं. ते हेअर ड्रायरने गरम केलं की बहुधा सुटतं. यानंतरही इंजिन फिरलं नाही, तरच बॅटरी बदलायला घ्या.